दामाजीपंतांचे कोठार आणि इंजिनाचे कुलूप

दुष्काळात रयत अन्नावाचून तडफडत असताना दामाजीपंतांनी मंगळवेढ्यातील बादशाही कोठार उघडले, ही कथा महाराष्ट्राला पाठ आहे. धान्य रयतेच्याच घामाचे होते. कुलूप मात्र बिदरच्या दरबाराचे होते. आज त्याच मंगळवेढ्यातील गॅरेजांपुढे नवे कुलूप उभे आहे. ते मोटारीच्या संगणकाचे आहे.

इंजिनात दोष निर्माण झाला की हा संगणक दिवा लावतो आणि दोषाचा सांकेतिक क्रमांक नोंदवतो. स्टिअरिंगखालील सोळा टोकांच्या जोडणीला वाचनयंत्र लावले की तो दिसतो. ‘पी ०१७१’ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, इंधन कमी. परंतु नळी फाटली, संवेदक मळला की इंधनपंप थकला, हे शोधायला मिस्त्रीचेच डोके लागते. संगणकाने कारागीर निरुपयोगी केला, हा प्रचार म्हणूनच खोटा आहे.

कारागीर अडतो तो अन्यत्र. ‘पी ०’चे बहुतेक क्रमांक सर्वांना समान आहेत, ‘पी १’चे अर्थ ज्या त्या कंपनीच्या मुठीत. नवा सुटा भाग संगणकाला ओळखवून देण्याची आज्ञावलीही अनेकदा तिथेच. परिणामी ज्वारी वाहणारी पिकअप पन्नासहून अधिक किलोमीटरवरील सोलापूरला ओढून न्यायची, आणि गावातील मिस्त्रीने हात बांधून बसायचे!

आणि ही व्यवस्था मोटारीत आली कशासाठी? हवा शुद्ध राहावी म्हणून! २०१० पासून टप्प्याटप्प्याने सरकारनेच तिची सक्ती केली. सार्वजनिक हितासाठी केलेल्या नियमातून खाजगी मक्तेदारी पोसली जावी, याहून मोठी विटंबना कोणती? २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने सुटे भाग, निदानयंत्रे व माहिती स्वतंत्र गॅरेजांना नाकारल्याबद्दल चौदा मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुरक्षिततेची व बौद्धिक संपदेची सबब आयोगाने फेटाळली. कंपन्या अपिलात गेल्या. २०२२ साली केंद्राने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, संकेतस्थळ काढले. पण संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. कंपनीच्या मर्जीवर अवलंबून असलेला हक्क हा हक्कच नव्हे.

डाव्या चळवळीतील काहींना अजूनही संगणक हाच शत्रू वाटतो. ही चूक कंपन्यांच्याच पथ्यावर पडते. यंत्र श्रमिकाचे वैरी नसते. यंत्राच्या ज्ञानावरील मालकी वैरी असते. म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात: दुरुस्तीची संपूर्ण माहिती वाजवी दरात देण्याची कायदेशीर सक्ती, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत जुन्या मिस्त्रींसाठी सायंकाळचे वर्ग, आणि तालुक्यातील गॅरेजवाल्यांची सहकारी संस्था, जी महागडे निदानयंत्र सामाईक विकत घेईल. शेवटचे काम उद्यापासून सुरू होऊ शकते. कार्यकर्त्यांनी त्यासाठी मुंबई-दिल्लीकडे पाहत बसू नये.

दामाजीपंतांनी कुलूप उघडले, तेव्हा दरबाराची परवानगी घेतली नव्हती.