आरोग्यविचार : मुतखडा झाल्यास दूध-दही सोडावे काय?

उन्हाळ्यात बिलोली परिसरात पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो. पेढीवर बसणाऱ्या व्यापाऱ्याचे गिऱ्हाइकांच्या गर्दीत पाणी पिणे राहून जाते; चौविहार पाळणाऱ्यास सूर्यास्तानंतर ते घेताही येत नाही. लघवी दाट होते आणि तीतील क्षारांचे स्फटिक बनू लागतात. पुढे कमरेत कळ उठते, तपासणीत मुतखडा दिसतो. खडा 'कॅल्शियमचा' आहे असे कानी पडताच घरात दूध, दही व ताक बंद होते. हेतू चांगला असला तरी हा त्याग बहुधा उलटा पडतो.

बहुसंख्य मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. ऑक्झलेट काही अंशी शरीरातच तयार होते, तर काही अन्नातून येते. पालक, चुका, राजगिऱ्याची पाने, अळू, बदाम व काजू यांत ते पुष्कळ असते. एकाच जेवणातील कॅल्शियम व ऑक्झलेट आतड्यात एकत्र आले की त्यांचा न विरघळणारा क्षार बनतो आणि मलावाटे निघून जातो. जेवणात कॅल्शियम अपुरे असल्यास ऑक्झलेट मोकळे राहते, रक्तात शोषले जाते आणि मूत्रपिंडात पोहोचते. जी गाठ आतड्यात निरुपद्रवीपणे पडावयाची, ती मूत्रपिंडात पडते.

अमेरिकेत १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या ४५,६१९ पुरुषांच्या पाहणीत, आहारातून अधिक कॅल्शियम घेणाऱ्यांत मुतखड्याचे प्रमाण कमी आढळले. इटलीत वारंवार खडे होणाऱ्या १२० पुरुषांचे दोन गट करून पाच वर्षे निरीक्षण झाले. कॅल्शियम कमी केलेल्या ६० जणांपैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला. पुरेसे कॅल्शियम, पण मीठ व मांसाहार कमी असलेल्या ६० जणांपैकी केवळ १२ जणांना. हे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले.

येथे वेळेलाही महत्त्व आहे. सकाळी घेतलेले दूध दुपारच्या पालकाच्या उपयोगी पडत नाही; ताक किंवा दही त्याच जेवणात हवे. रिकाम्या पोटी घेतलेल्या कॅल्शियमच्या गोळीचाही हा लाभ होत नाही. ताकातली पालेभाजी ही आपल्या स्वयंपाकघरातील जुनी रीत या दृष्टीने उचितच आहे. मात्र तीत हरभरा डाळ व बेसन पडते. द्विदलाचा नियम पाळणाऱ्या घरी डाळ वगळून तांदळाच्या पिठीवर ती करता येते. पालक उकडून पाणी टाकून दिल्यास ऑक्झलेट आणखी कमी होते.

याच्या जोडीला तीन पथ्ये सांभाळावीत. पापड-लोणच्यातील मीठ आवरावे, कारण जास्त मिठामुळे लघवीतून कॅल्शियम अधिक जाते. लिंबूपाणी घ्यावे, त्यातील सायट्रेट खडा बनण्यास अडथळा करते. सूर्यास्तापूर्वीच्या तासांत पाणी विभागून भरपूर प्यावे, इतके की दिवसभरात सुमारे दोन ते अडीच लिटर लघवी व्हावी.

प्रौढास रोज सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. दूध सोडल्याने खडा टळत नाही, हाडे मात्र झिजू शकतात. तरीही सर्वच खडे एका जातीचे नसतात. म्हणून निघालेला खडा तपासून घ्यावा. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी पाण्याचे प्रमाण व दीर्घ उपवास यांविषयी डॉक्टरांना आधी विचारावे. त्याग करावाच, पण कशाचा, हे जाणून करावा.