हॅनिबल लेक्टरला बालपण कशाला दिलं?

थॉमस हॅरिसने 1975 ते 2019 या काळात फक्त सहा कादंबऱ्या लिहिल्या. त्यातल्या चारांत हॅनिबल लेक्टर आहे. माझं भांडण त्या चारांतल्या शेवटच्या दोन कादंबऱ्यांशी आहे.

1981च्या ‘रेड ड्रॅगन’मध्ये लेक्टर थोडक्या पानांपुरता येतो. 1988च्या ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’मध्ये एफबीआयची प्रशिक्षणार्थी क्लॅरिस स्टार्लिंग त्याच्यासमोर प्रश्नावली घेऊन बसते, तर तो तिची खिल्ली उडवतो. आपल्यासोबत काहीतरी घडलं म्हणून आपण असे झालो, हे त्याला मान्यच नाही. उलट तोच तिच्याकडून तिचं बालपण काढून घेतो. तिच्या आठवणी उघड्या, त्याच्या कुलूपबंद. भीती वाटते ती त्या कुलपाची! 1991च्या सिनेमात अँथनी हॉपकिन्स पडद्यावर थोडाच वेळ आहे, तरी ऑस्कर त्यालाच.

मग 1999च्या ‘हॅनिबल’मध्ये हॅरिसनेच कुलूप तोडलं. दुसरं महायुद्ध, लिथुआनिया, धाकटी बहीण मिशा, आणि तिला मारून खाणारे भुकेले लुटारू. 2006च्या ‘हॅनिबल रायझिंग’चा तर सगळा डोलारा यावरच उभा आहे. तू लिहिलं नाहीस तर दुसऱ्याकडून करून घेईन, असं आपण हॅरिसला बजावलं होतं, हे निर्माता दिनो दे लॉरेन्तिसने स्वतःच सांगितलंय. लेखकाची अडचण समजते. पुस्तक म्हणून समर्थन मात्र होत नाही.

‘ट्रॉमा खरा असतो ना?’ असतोच. ‘रेड ड्रॅगन’मधल्या डॉलरहाइडचं छळाचं बालपण वाचताना पोटात तुटतं, कारण तिथे हॅरिस त्याला सूट देत नाही. लेक्टरला मात्र मिशाच्या नावाने सूडकथेचा हिरो करून टाकलं. त्या युद्धात असंख्य पोरांनी आईबाप, भावंडं गमावली. ती काही माणसं खात सुटली नाहीत. त्यांच्या दुःखाचा असा वापर मला तरी किळसवाणा वाटतो.

आणि हॅरिसला हे कळत नव्हतं असं कसं म्हणायचं? तरुण पत्रकार असताना मेक्सिकोतल्या मॉन्तेरेच्या तुरुंगात तो एका कैद्याची मुलाखत घ्यायला गेला होता. तिथे एक सभ्य, हुशार डॉक्टर भेटला. त्या कैद्याबद्दल डॉक्टरच हॅरिसला बारीक प्रश्न विचारत राहिला. हॅरिसला वाटलं, तुरुंगाचा डॉक्टर असेल. निघताना अधिकाऱ्याकडून कळलं, की तोही खुनाच्या शिक्षेतला कैदीच. 2013मध्ये हॅरिसने लिहिलं, की लेक्टरचं बीज तिथलं. त्या भेटीत डॉक्टरच्या बालपणाचा विषयसुद्धा निघाला नव्हता.