ग्रहाएवढे ग्रंथालय आणि मूडबिद्रीचे कुलूप

पेढीवरचा एक नियम फार जुना आहे. दिवसभराची नोंद आधी रोजमेळात होते आणि तीच पुढे खतावणीत उतरते. एक वही पावसात भिजली, तरी दुसरीवरून हिशेब पुन्हा उभा करता येतो. ज्या पेढीची सारी देणीघेणी एकाच वहीत असतात, ती पेढी एका ठिणगीच्या भरवशावर उभी असते. पैशाच्या हिशेबाला जे लागू, तेच ज्ञानालाही लागू आहे.

आयझॅक असिमॉव्ह या अमेरिकन लेखकाने 1942 पासून ‘फाउंडेशन’ ही विज्ञानकथामाला लिहिली. तिच्यात ट्रँटर नावाचा एक ग्रह आहे. हा ग्रह म्हणजे एकच अखंड नगर, साऱ्या आकाशगंगेच्या साम्राज्याची राजधानी. तेथील ग्रंथालयात असंख्य जगांचे ज्ञान एकवटलेले आहे. साम्राज्य कोसळणार आणि तीस हजार वर्षांचे अंधारयुग येणार, हे हॅरी सेल्डन हा गणितज्ञ आधीच ताडतो. तो काळ एक हजार वर्षांवर आणण्याच्या योजनेचा भाग म्हणून विद्वानांचा मोठा समूह दूरच्या एका ग्रहावर वसवला जातो. त्यांच्याकडे काम दिले जाते ते ज्ञानकोश रचण्याचे. पुढे ट्रँटर लुटला जातो, उजाड होतो. मात्र विद्यापीठाच्या आवारातील ग्रंथालय त्या लुटीतून वाचते.

कथा कल्पित असली, तरी तिच्या मुळाशी असलेली चिंता जैन समाजाला नवी नाही. आगम प्रथम मुखोद्गत होते. दुष्काळ पडले, जाणते साधू काळाच्या पडद्याआड गेले आणि पाठ विस्मृतीत जाऊ लागला. श्वेतांबर परंपरेनुसार वीरनिर्वाणानंतर 980 वर्षांनी (वाचनाभेदाने 993) वलभी येथे देवर्द्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली आगम ग्रंथारूढ झाले. दिगंबर परंपरेत गिरनारच्या चंद्रगुफेत राहणाऱ्या आचार्य धरसेनांनी आपल्याजवळचे श्रुतज्ञान पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना दिले. त्यातून ‘षट्खंडागम’ साकार झाला. एकाच्या कंठात असलेले ज्ञान दुसऱ्याच्या हाती सोपवले, म्हणून ते उरले.

या षट्खंडागमावर आचार्य वीरसेनांनी नवव्या शतकात ‘धवला’ ही टीका लिहिली. तिचे परिमाण 72,000 श्लोक मानले जाते. येथे श्लोक म्हणजे बत्तीस अक्षरांचे माप. लेखनिकाची मजुरीही याच मापाने मोजली जात असे. शतके लोटली आणि धवलेच्या ताडपत्री प्रती दक्षिण कर्नाटकातील मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदीत तेवढ्या राहिल्या. लिपी जुनी कन्नड. भाविक त्यांचे दर्शन घेत, पूजा करीत. वाचणारे जवळजवळ कोणी उरले नव्हते. विश्वस्तांनी त्या कुलुपात जपल्या होत्या. त्या जपणुकीबद्दल कृतज्ञताच हवी, कारण तिच्याविना पुढचे काहीच घडले नसते. पण ताडपत्र झिजत होते आणि कुलूप कसरीला अडवीत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद या दोन व्यापाऱ्यांना ही गोष्ट अस्वस्थ करू लागली. त्यांच्या प्रयत्नांतून नक्कल करण्याची व्यवस्था झाली आणि ब्रह्मसूरी शास्त्री व गजपती शास्त्री हे पंडित त्या कामाला लागले. मात्र प्रती मूडबिद्रीबाहेर जाऊ द्यायच्या नाहीत, अशी तेथील भूमिका होती. गजपती शास्त्रींनी पत्नी लक्ष्मीबाई यांच्या साह्याने गुपचूप आणखी एक प्रत उतरवली. ती सहारनपूरला पोहोचली आणि तिच्यावरून झालेल्या नकला अमरावती, कारंजा, आरा अशा ठिकाणी पसरल्या. याच नकलांच्या आधारे अमरावतीचे प्राध्यापक डॉ. हीरालाल जैन यांनी संपादन केले. 1939 मध्ये पहिला खंड छापून निघाला. पुढे एकूण सोळा खंड झाले.

अस्तेयाचे व्रत मानणाऱ्या समाजाला ही हकिकत सहज पचणारी नाही. विश्वासाने सोपवलेल्या कामात गुपचूप केलेली नक्कल निर्दोष कशी म्हणावी? आणि ती झालीच नसती, तर किती पिढ्या धवलेला केवळ नमस्कार करीत राहिल्या असत्या? या दोन प्रश्नांपैकी कोणताही एक टाकून देता येत नाही. समाधानाची गोष्ट एवढी, की ग्रंथ छापून निघू लागल्यावर मूडबिद्रीनेही हात पुढे केला आणि पुढील खंडांसाठी मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून पाहता आला. पुढे आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने हे सिद्धांतग्रंथ ताम्रपत्रांवरही कोरले गेले. जी किल्ली आपणहून दिली जाते, तिने ज्ञान आणि विश्वास दोन्ही टिकतात. ती वेळेवर दिली गेली, तर कोणाला आडवाटेने जावे लागत नाही.

शिरूर, दौंड वा वडगाव रासाईसारख्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या दुकान चालवणाऱ्या घरांतही एखादे लहानसे मूडबिद्री असू शकते. माळ्यावरच्या पेटीत, लाल फडक्यात, आजेसासूबाईंची स्तवनांची हस्तलिखित वही असते, एखादी पोथी असते, मोडी लिपीतले वहीखाते असते. कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी म्हणून, तर ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी म्हणून ग्रंथांची पूजा होते. त्या दिवशी वासक्षेप वा अक्षता वाहून पेटी पुन्हा मिटण्यापूर्वी फडके सोडावे. धूळ मऊ कापडाने टिपावी, पाने कडक उन्हात नव्हे तर सावलीत मोकळी करावीत. प्रत्येक पानाचे स्वच्छ छायाचित्र घेऊन त्याच्या प्रती दोन-तीन ठिकाणी ठेवाव्यात. लिपी वाचता येत नसेल, तर जाणकाराला दाखवावी. पुण्याची भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था 1917 पासून अशाच विद्येसाठी उभी आहे. आणि घरातील एखाद्या मुलाकडून त्यातील एक पान तरी वाचून घ्यावे.

ट्रँटरचे ग्रंथालय एका लेखकाच्या कल्पनेत वाचले. धवला वाचली ती कोणी जपली म्हणून, कोणी उतरवली म्हणून आणि अखेर कोणी दार उघडले म्हणून. माळ्यावरच्या पेटीपुरती ही तिन्ही कामे एकाच घराला करावी लागतात.