उचल आणि जन्मवजन

दर २ जानेवारीला मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या पायथ्याशी स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना मानवंदना दिली जाते. १९४३ साली दोघे इथेच पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. त्यांच्या आझाद दस्ता या क्रांतिकारी गटाने पाडलेले विजेचे मनोरे सर्वांना आठवतात. गरीब शेतकऱ्यांसाठी कोतवालांनी काढलेल्या धान्यकोठीची आठवण क्वचितच निघते.

मानवंदनेच्या त्याच दिवसांत मुरबाड-शहापूरच्या कातकरी आदिवासींच्या वाड्यांत कित्येक दारांना कुलूप असतं. दिवाळी सरली की माणसं वीटभट्टीवर जातात, पावसाळ्यात मालकाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला. नवरा चिखल मळतो, बायको विटा वाहते. ती पोटुशी असली तरी काम सुटत नाही, कारण उचल जोडीच्या नावावर असते. आठवड्याच्या खर्चीत भात-मिरची भागते; भाजी-दूध नाही.

अशा कष्टांचं शरीरात काय होतं, ते पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून मोजलं. तिथल्या नवजात बाळाचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळाचं ३.५. या हडकुळ्या बाळांचे स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकून. पुढे मधुमेहाला वाट करून देणारी हीच ठेवण. गरोदरपणी अंगमेहनत जास्त झालेल्या आयांची बाळं वजनाला कमी भरली. ताटात पालेभाजी, फळं अधिक असलेल्यांची जास्त. शिवाय मुलगी आपली बीजांडं घेऊनच जन्मते. म्हणजे आजच्या नातवाचं अर्धं बीज आईकडच्या आजीच्या पोटात, तिच्या भुकेच्या दिवसांत तयार झालेलं असतं.

तरी आपण बाळाला काट्यावर ठेवतो आणि आईला आहारावर व्याख्यान देतो. रानभाज्या ओळखाव्यात त्या तिनेच! तिला कमी पडते ती माहिती नव्हे, उसंत आणि हातात पैसा.

२०१५ पासून आदिवासी क्षेत्रात अमृत आहार योजनेतून गरोदर बाईला अंगणवाडीत एक वेळचं चौरस जेवण मिळतं. योजना चांगली, पण ती क्षेत्रापुरती. भट्टी क्षेत्राबाहेर असली की ताट वाडीतच राहतं. म्हणून मागणी साधी आहे: भट्टीमालकाच्या वहीत उचल चढते, त्याच आठवड्यात त्या बाईचं नाव भट्टीजवळच्या अंगणवाडीत चढावं, आणि बाळंतपणाआधीचे तीन महिने ओझं न उचलताही तिची खर्ची चालू राहावी. धान्यकोठी काढणाऱ्या कोतवालांना एवढं तरी देणं लागतोच आपण.