मोजले गेलात, आता मोजावयास शिका

आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात १९५१ च्या जनगणनेत बौद्धांची संख्या २,४८७ होती. १९६१ साली ती २७,८९,५०१ भरली. एवढी माणसे दहा वर्षांत आकाशातून पडली नव्हती. घरे तीच, माणसे बहुतेक तीच. परंतु १९५६ च्या धर्मांतरानंतर गणकाच्या प्रश्नाला त्यांनी निराळे उत्तर दिले व ते कागदावर उतरले. ज्याचे उत्तर रकान्यात भलतेच लिहिले गेले, तो या आकड्यात नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? आकडा म्हणजे काय, हे समजण्यास बौद्ध कुटुंबाला याहून जवळचे उदाहरण नको.

आकडे गोळा करणे, पारखणे, त्यांचा अर्थ लावणे व तो आलेख-नकाशांतून दाखविणे, या विद्येला विद्यापीठांत आज डेटा सायन्स म्हणतात. नाव नवे असले तरी पाया संख्याशास्त्राचाच आहे. ही विद्या केवळ नोकरीची नव्हे. समजा, एका गावात एकाजवळ ९९ एकर व नऊ जणांजवळ एकेक एकर जमीन आहे. सरासरी निघते दरडोई १०.८ एकर! हिशेब बिनचूक, पण नऊ घरे त्यात बुडाली. ती सरासरीत कोठे लपली, हे दाखविणारा माणूस त्या नऊ घरांतून का येऊ नये?

१९१८ सालीच बाबासाहेबांनी हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींवर प्रबंध लिहून, केवळ क्षेत्रफळावरून शेती लहान की मोठी हे ठरत नाही, भांडवल व श्रम यांच्याशी तिचे प्रमाण पाहावे लागते, असे दाखवून दिले. अमेरिकेत ड्यू बॉइस यांनी १९०० च्या पॅरिस प्रदर्शनासाठी अटलांटा विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या साहाय्याने कृष्णवर्णीयांची मालमत्ता, साक्षरता व व्यवसाय यांचे सुमारे साठ आलेख हातांनी रंगविले. गुलामगिरी संपून तेव्हा अवघी पस्तीस वर्षे झाली होती. निंदकांना त्यांनी शिव्यांनी नव्हे, आकड्यांनी उत्तर दिले. १९४६ साली बाबासाहेबांनी याच ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते.

खानदेशातील पालकहो, या विद्येसाठी मुलांना समुद्रापार धाडावयास नको. १९९० साली स्थापन झालेले, आज कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करणारे विद्यापीठ जळगावात आहे. धुळे व नंदुरबार त्याच्याच कक्षेत येतात. तेथे संख्याशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. मुलगी असो वा मुलगा, अकरावीला गणित सोडू देऊ नका. पदवीला संख्याशास्त्र मिळत असेल तर तेच घ्या. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे. जातीचा दाखला व जात वैधता प्रमाणपत्र वेळेवर तयार ठेवा. आर व पायथन ही संगणकावरील साधने विनामूल्य मिळतात. म्हणून चार महिन्यांत तज्ज्ञ करून देतो, अशा जाहिरातींना भुलून कर्ज काढू नका. पाया कच्चा राहिला तर रंगीत आलेखही खोटे बोलतो.

आज निवडीचे काम यंत्रांकडे जात आहे, आणि यंत्र जुन्या नोंदींवरून शिकते. जुन्या नोंदींत जुना अन्याय असेल, तर यंत्र तोच निमूटपणे गिरवील. तो ओळखणारे डोळे आपल्या घरांतून तयार झाले पाहिजेत. १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक धरून जातींचीही नोंद घेणारी जनगणना सरकारने जाहीर केली आहे. त्या वेळी रकाना विचारपूर्वक भरा. आणि पुढे त्या रकान्यांची बेरीज तपासणाऱ्यांत आपली लेक असेल, अशी तजवीज आजच करा.