मकबऱ्याचा गिलावा

छत्रपती संभाजीनगरचा बीबीका मकबरा पाहून परतणारी सुशिक्षित मंडळी ‘ताजची गरीब नक्कल’ एवढेच बोलतात, याचे आम्हांस वैषम्य वाटते. इ. स. १६५७ मध्ये निवर्तलेल्या दिलरसबानू बेगमेची ही कबर. ती उभारणारा अताउल्ला ताजच्या उस्ताद अहमद लाहोरींचाच पुत्र. तेव्हा साम्य असावयाचेच! संगमरवर लाभला तो मुख्यतः घुमटास व भिंतींच्या तळपट्ट्यास. मधल्या काळ्या दगडावर कारागिरांनी चुन्याच्या गिलाव्यातून वेलबुट्टी फुलविली. आमच्या मते पाहावयाचे ते हेच, आणि झडते तेही हेच. पुरातत्त्व खात्याने त्याची डागडुजी मुरलेल्या हातांकडून, चुन्यानेच करवून घ्यावी. सिमेंटची ठिगळे येथे चालावयाची नाहीत.