कंपूबाहेरची पोर

‘त्या चौघी बोलत नाहीत ना? मग पाचवीशी बोल!’ नववीतल्या लेकीला असा शहाणपणा शिकवणाऱ्या आईबापांशी माझे भांडण आहे. कालपरवापर्यंत मीही त्यांतलाच होतो. तिचा डबा आठवडाभर भरलेलाच परत येत होता आणि मी म्हणत होतो, ‘दुर्लक्ष कर.’

अहो, एका लग्नाचे आमंत्रण चुकले तर आपण वर्षभर धुमसतो! ‘लोक काय म्हणतील’ या धाकात जन्म काढणाऱ्यांनी चौदा वर्षांच्या पोरीला कंपूची पर्वा करू नकोस म्हणून बजावावे?

सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५१ साली अमेरिकेतील कॉलेजकुमारांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. पढवून ठेवलेल्या सोबत्यांनी रेघेची लांबी एकमुखाने चुकीची सांगितली की, साधारण तीनांतून एकदा हे तरुणही डोळ्यांदेखत चुकीचेच सांगत. पण एकजण जरी खरे बोलला, तरी ही शरणागती पुष्कळ ओसरे.

शाळेत आपण नसतो. घरी तरी तो एकजण व्हावे. उपदेश आवरावा, आधी ऐकावे. वर्गातली तिच्यासारखीच एखादी एकटी मुलगी फराळाला बोलवावी.

आणि आपली लेक कंपूत मिरवत असेल, तर तिला आजच विचारा: बाकावर जागा कोणाला दिली नाहीस?